गफ्फार ड्रायव्हर आणि तेलाचा काटा

डोणगावात गफ्फार नावाची माणसं बरीच होती, पण 'गफ्फार ड्रायव्हर' म्हटलं की एकच. कारण गावात मोटार एकच होती. ती भगवानराव देशमुखांची, आणि देशमुखांना तिच्यात बसण्यापलीकडे तिच्यातलं काही कळत नव्हतं. त्यामुळे कागदोपत्री ती देशमुखांची असली तरी गावाच्या लेखी ती गफ्फारची मोटार होती. लोक तोंडावर तसं म्हणत आणि देशमुख मागच्या गादीवर बसून ऐकत. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही, आणि गफ्फारने त्याचा आनंद कधी लपवला नाही.

गफ्फार जातीचा पिंजारी. बाप खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव गाद्या-रजया पिंजत हिंडायचा. पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी दस्ता पडला की कापूस उडायचा, आणि उडालेला कापूस बापाच्या भुवयांवर, मिशांवर बसायचा. तो झटकता तरी येत होता. छातीत बसलेला कुठून झटकणार? बाप खोकून खोकून मेला. शेवटचे काही महिने त्याला आडवंसुद्धा होता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचा. त्याला मातीत ठेवून आल्यावर गफ्फारने जमीलेला, म्हणजे आपल्या बायकोला सांगितलं, "ते पिंजण चुलीत घाल." आणि स्वतः खामगावला निघून गेला. तिथे उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीवर आधी धुण्यापुसण्याला राहिला, मग ड्रायव्हरकी शिकला, लायसन काढलं आणि खाकी कोट घालून गावात परत आला. देशमुखांनी मोटार घेतली तेव्हा तालुक्यात दुसरा ड्रायव्हर शोधायची गरजच पडली नाही. मोटारखान्याला लागून एक खोली होती, ती त्याला मिळाली. जमीलेने मात्र पिंजण चुलीत घातलं नव्हतं. खोलीत सामान लावताना तिने ते आढ्याला टांगलं. गफ्फारने वर पाहिलं आणि कोट खुंटीला लावला.

मोटार जुनीच घेतली होती. पुढच्या फळीवर गोल गोल घड्याळं बसवलेली. किती वेगाने चाललो ते सांगणारं घड्याळ कधीचंच मेलं होतं. बॅटरीचं होतं, ते मनाला येईल तेव्हा बोलायचं. खरं कामाचं एकच, तेलाचं. इंजिन सुरू झालं की त्यातला काटा उठायचा. काटा उठला म्हणजे तेल इंजिनात सगळीकडे पोचतंय, काटा पडला म्हणजे लोखंडावर लोखंड कोरडं घासतंय. एवढं साधं ते गणित. पण हा काटाही अधूनमधून अडायचा. मग गफ्फार मधलं बोट अंगठ्याखाली धरून काचेवर टिचकी मारायचा, की काटा दचकून जागेवर यायचा. इतक्या वर्षांत टिचकी कधी वाया गेली नव्हती. या टिचकीनेच पुढे घात केला, पण ते सांगायला जरा वेळ आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली तसं मोटारीचं खाणंपिणं तुटलं. पेट्रोल परमिटवर, टायर नावालाही नाहीत, इंजिनाचं तेल तर तुपापेक्षा दुर्मीळ. लढाई संपली तरी तंगी काही संपली नाही. एक दिवस मेहकरच्या रस्त्यावर पंक्चर काढून झाल्यावर देशमुख कंटाळून म्हणाले, "गफ्फार, आता हे शेवटचं बरं. इंजिन बिघडलं तं मी काई खोलत बसणार नाई. ठेवून देईन लाकडाच्या ठोकळ्यावर चढवून. सर्व्हिस मोटार रोज जाते, आपण थिच्यातूनच जात जाऊ."

"हाव मालक," गफ्फार म्हणाला.

म्हणाला खरा, पण त्या रात्री त्याची नजर कित्येक वर्षांनी पुन्हा आढ्याकडे गेली. मोटार लाकडावर चढली की ड्रायव्हरचं काय काम? आणि ड्रायव्हरचं काम नसेल तर खोली कशाला? उरतं काय, तर डोक्यावर टांगलेलं ते पिंजण. बापाचा भिंतीला टेकलेला चेहरा त्याला दिसायला लागला. त्या दिवसापासून तो मोटारीला असा जपायला लागला की जमीला म्हणायची, "मले ताप आला तं हात लावून पाह्यत नाई, तिचं बोनेट मात्र सक्काळ-संध्याकाळ चाचपून पाह्यते हा माणूस."

त्या साली पोळा आणि ईद एकाच आठवड्यात आली. जमीलेचं माहेर नांदुऱ्याचं. रोज्यांचे शेवटचे दिवस माहेरी काढावेत म्हणून तिने हट्ट धरला, देशमुखांनीही सुट्टी दिली, आणि गफ्फार मोटारखान्याला कुलूप न लावताच तिला घेऊन गेला. वाड्यात कोण चोरी करणार होतं? राखणीला कडूबा होता. कडूबा हा देशमुखांचा म्हातारा गाडीवान. मोटार आली तसा बैलांच्या दमणीवरून खाली उतरला, पण मोटारीवर त्याचा राग नव्हता. तो तिला 'बाई' म्हणायचा, येता जाता तिच्या मडगार्डवर थाप मारायचा, आणि तिच्यापुढे कोणी विडी ओढलेली त्याला खपायची नाही.

ईद करून गफ्फार परत आला. आल्या आल्या कोट खुंटीला लावायच्या आधी त्याने मोटारीचं तेल पाहिलं. पट्टी ओढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल खुणेपर्यंत भरलेलं. जाताना तर थोडं कमी वाटलं होतं! त्याने पट्टी उन्हात धरून पाहिली. तेल जरा साफच दिसत होतं. "अल्लाचा करम," तो म्हणाला, "औंदा तेल खाल्लंच नाई." उभ्या मोटारीच्या पोटात तेल आपोआप वाढत नसतं, हे त्याला कोणी सांगायला हवं होतं का? दुसऱ्या कोणाच्या मोटारीत तसं झालं असतं तर त्याने हसून हसून त्या ड्रायव्हरची पुरेवाट केली असती. पण तंगीच्या दिवसांत भरलेलं भांडं पाहिलं की माणूस ते कोणी भरलं हे विचारत नाही.

दसऱ्यापर्यंत मोटार झकास चालली. मग एका दुपारी देशमुखांना मेहकरच्या कचेरीतून आणताना काटा खाली आला. गफ्फारने टिचकी मारली. काटा वर गेला, थरथरला आणि पुन्हा बसला. गफ्फारने आणखी एक मारली. काटा नुसता हलला.

"काय झालं बे?" मागून देशमुखांनी विचारलं.

"काई नाई मालक. घड्याळ जुनं झालं, अडते."

हे तो बोलला तेव्हा त्याला खरंच तसं वाटत होतं. आणि यापुढे तसंच वाटत राहावं म्हणून त्याने काय काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फळीमागे हात घालून घड्याळ सोडवलं. काच काढली, काट्याच्या बुडाशी बसलेली धूळ कोंबडीच्या पिसाने झाडली, रॉकेलचा एक थेंब सोडला, आणि घड्याळ परत बसवून इंजिन सुरू केलं. थंड इंजिनावर काटा टुण्णदिशी वर गेला. गफ्फार खूश. इंजिन तसंच चालू ठेवून तो समोर उभा राहिला, दोन्ही हात कमरेवर. इंजिन तापत गेलं तसा काटा हळूहळू, कोणाला कळू न देता उतरावा तसा उतरत गेला. त्याने इंजिन बंद केलं. 'घड्याळात नाही, म्हणजे नळीत आहे,' तो मनाशी म्हणाला.

इंजिनापासून घड्याळापर्यंत तांब्याची बारीक नळी येते. तिच्यातूनच तेल काट्याला ढकलतं. नळीत कचरा अडकला तर इंजिनात तेल असूनही काटा उठत नाही. म्हणजे आशेला जागा होती. त्याने नळी सोडवली, सायकलच्या ब्रेकची तार आत घालून फिरवली, मग एक टोक तोंडात धरून गाल फुगवून फुंकली. दुसऱ्या टोकाने तेलाचे शिंतोडे उडाले, थोडं त्याच्याही जिभेवर आलं. तो थुंकला, पण थुंकता थुंकता थांबला. चव ओळखीची होती. जवसाच्या चटणीची. सकाळी जमीलेने भाकरीवर जवसाची चटणीच घातली होती, तेव्हा त्याने गुळणी केली आणि विषय सोडला.

नळी साफ निघाली. त्याने ती बसवली आणि पुन्हा इंजिन सुरू करून काट्यासमोर उभा राहिला. काटा पुन्हा चढला, पुन्हा उतरला.

कडूबा तिकडून बैलांना पाणी दाखवून येत होता. तो थबकला. "काऊन हो गफ्फारभाऊ, बाई नुस्तीच घुरघुर करून राह्यली? जायाचं नाई कुठी?"

"घड्याळ पाहून राह्यलो मामा. खोटं बोलते."

"घड्याळाचं काय एवढं? आमच्या बैलाले कुठी घड्याळ व्हतं? बैल थकला का मान टाकते."

गफ्फार हसला. म्हातारा किती खरं बोलला हे दोघांनाही कळलं नाही.

आता चेंबर खोलून पाहणं एवढंच उरलं होतं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं पात्र. पण ते खोललं की त्याचं पॅकिंग फाटतं, आणि नवीन पॅकिंग तेव्हा मुंबईतही मिळत नव्हतं. हे त्याने जमीलेला दिलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं. चेंबर खोललं आणि आत काही वाईट दिसलं, तर मग ते दिसलंच. झाकलेलं होतं तोवर ते घड्याळावर ढकलता येत होतं. माणूस वैद्याकडे जायला का टाळतो, याचं दुसरं काही उत्तर नाही.

त्याला जमीलेच्या भावाची आठवण झाली. गुलजार खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. जिनिंगचा हंगाम अजून लागायचा होता, यंत्रं थंड पडली होती. गफ्फार सर्व्हिस मोटारीने खामगावला गेला आणि गुलजारकडून तिथल्या तेलाच्या इंजिनावरचं एक लहान घड्याळ मागून आणलं. गुलजार देता देता म्हणाला, "भाईजान, पयले चेंबर खोला. काटा उगी पडत नाई."

"तू दे ना घड्याळ," गफ्फार तुटकपणे म्हणाला.

जिनिंगचं घड्याळ नळीला जोडलं. त्या घड्याळाची काच स्वच्छ होती, काटा नवा होता. गफ्फारने बिस्मिल्ला म्हणून हँडल मारलं. नवा काटाही चढला आणि इंजिन तापताच जुन्याच्याच जागी येऊन बसला. दोन साक्षीदारांनी एकच जबानी दिली. शहाण्या माणसाने तिथे इंजिन बंद केलं असतं. गफ्फार शहाणाच होता, पण त्याच्या डोक्यावर पिंजण टांगलेलं होतं. तो म्हणाला, 'जाग्यावर उभी हाय म्हणून तसं दिसते. रस्त्यावर नेली, जोर देला, का काटा उठन.' आणि त्याने मोटार मेहकरच्या रस्त्याला काढली.

रस्त्यावर त्याने जोर दिला. एक हात स्टिअरिंगच्या चाकावर, दुसऱ्या हाताने तो काचेवर टिचक्या मारत होता. आधी हलक्या, मग नख दुखेपर्यंत. "उठ," तो म्हणत होता, "उठ ना बाप्पा, उठ एक डाव." काटा उठला नाही. गावाबाहेरच्या चढावर इंजिनात कोणी आतून दार ठोठावावं तसा आवाज सुरू झाला. तो वाढला, मग एकदा कर्कश किंचाळी आली आणि मोटार जागच्या जागी उभी राहिली. गफ्फारने हँडल घालून पाहिलं. हँडल जराही फिरलं नाही. तो रस्त्याच्या कडेला बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून लहान मुलासारखा रडला.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. कडूबा बैलजोडी घेऊन आला. साखळदंड लावून बैलांनी मोटार ओढली. गफ्फार चाकापाशी बसून नुसता वळवत होता. गाव दुतर्फा उभं होतं.

मोटारखान्यात आणून झाल्यावर त्याने चेंबर खोललं. आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. आत तेल नव्हतंच. आत होता चिकट, तपकिरी, सायीसारखा थर. तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीवर तो असा चिकटला होता की नखाने सोलून काढावा लागला. गफ्फारने बोट नाकाशी नेलं. गावच्या सुताराने नवीन दाराला तेल पाजलं की उन्हात असाच वास येतो. सुतार दाराला जवसाचंच तेल देतो, कारण ते वाळून वर साल धरतं. गफ्फारच्या जिभेवर ती चव परत आली.

"मामा," त्याने वर न बघता विचारलं, "हिच्यात जवसाचं तेल कोणं ओतलं?"

"म्या," कडूबा म्हणाला. त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "पोळ्याच्या आदल्या दिवशी. तुमी नांदुऱ्याले गेलते. खांदमळणीले औंदा लोणी पुरलं नाई, मंग मालकीणबाईनं, सरस्वतीबाईनं, घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल देल्लं. बैलाचे खांदे मळले, हळद लावली, आवतन देल्लं. मंग मले वाटलं, हे बाई बी तं बारा मईने मालकाले वढते. हिचे बी खांदे दुखत असतीन. पण हिले खांदा कुठी? म्हून तुमी जिथून पाजता तिथूनच पाजलं. चांगलं लोटाभर." तो थोडा थांबला. "काऊन? मानवलं नाई काय तिले?"

संताप गफ्फारच्या हातापर्यंत आला होता, पाना मुठीत होता. पण समोरचा म्हातारा मोटारीकडे असा काळजीने बघत होता, की गफ्फारने पाना खाली ठेवला. तो उठला आणि बैठकीकडे चालू लागला. मालकाला सगळं सांगायचं, तेल कोणी दिलं आणि कोणी ओतलं, नावानिशी सांगायचं, असं ठरवूनच तो गेला. दोष दुसऱ्याचा आहे एवढं सिद्ध झालं तर खोली तरी राहील, असं त्याला वाटत होतं.

देशमुख लोडाला टेकून बसले होते. ते रागावलेले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "गफ्फार, काटा कधीपासून खाली व्हता?"

"दसऱ्यापासून मालक."

"मंग गाडी काऊन चालवली?"

गफ्फारने तोंड उघडलं. लोटाभर तेल, जवस, कडूबा, सगळं ओठावर होतं. पण या प्रश्नाला त्यातलं एकही उत्तर लागत नव्हतं. काटा पडला त्या दिवशी चेंबर खोललं असतं, जाळी रॉकेलने धुतली असती, तर मोटार वाचली असती. तेल कडूबाने ओतलं होतं, पण इंजिन मारलं होतं त्याने स्वतः. काट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभं राहून, रोज, थोडं थोडं करून.

"मले वाटलं, काटाच खोटा असन," तो म्हणाला.

देशमुखांनी मान हलवली. गफ्फारने चेंबर परत बसवलं आणि मोटार लाकडावर चढली. टायर कोणीतरी मागून नेले. खोली सोडायला कोणी लगेच सांगितलं नाही, पण मोटारखान्यात कडबा भरायचा होता, आणि थंडीच्या सुरुवातीला तो खोलीपर्यंत आला. गफ्फार आसपासच्या गावांत ड्रायव्हरकी शोधून आला. लढाईवरून परतलेले, ट्रक हाकलेले जवान पोरगे जागोजाग उभे होते. मोटार मारलेल्या ड्रायव्हरला कोण विचारतो? एका सकाळी जमीलेने आढ्यावरून पिंजण काढलं, तात पुसली आणि ते दारात आणून ठेवलं. त्याने ते खांद्यावर टाकलं. बापाबरोबर लहानपणी शिकलेलं हात विसरले नव्हते. हाताचं हेच वाईट असतं.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी गफ्फार देशमुखांकडेच होता. सरस्वतीबाईंनी थंडीच्या आधी गाद्या पिंजून घ्यायला बोलावलं होतं, आणि पाऊस होता म्हणून बसायला जागा दिली होती मोटारखान्यात. तोंडाला फडकं बांधून तो पिंजत होता. खोकला अजून तसा नव्हता, सकाळी उठल्यावर थोडा. पलीकडे मोटार लाकडावर उभी होती. उडालेला कापूस तिच्या बोनेटवर बसत होता.

कडूबा बैलांचे खांदे मळून आत आला. हातात लोटा, पळसाचं पान, बोटं हळदीने पिवळी. त्याने मडगार्डला हळद लावली, कपाळ टेकलं आणि म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग तो लोटा हातात धरून घुटमळला. मोटार कशाने गेली हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. गफ्फारनेही नाही.

"गफ्फारभाऊ," तो म्हणाला, "औंदा बी पाजू काय थोडंसं? मांगच्या साली पाजलं तं बाई दसऱ्यापावतर कशी पळाली व्हती!"

गफ्फारने दस्ता खाली ठेवला. तोंडावरचं फडकं सोडलं, त्याच फडक्याने बोनेटवरचा कापूस झटकला, बोनेट उचललं आणि तेलाच्या तोंडाचं झाकण स्वतः उघडून दिलं.

"पाजा मामा," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने थेंब न सांडता लोटा रिता केला. गफ्फारने झाकण लावलं, घट्ट फिरवलं. मग सवयीने तो मोटारीच्या दारातून आत वाकला आणि फळीवरच्या जुन्या घड्याळाकडे पाहिलं. काटा शून्यावर होता. त्याचा हात काचेपर्यंत गेला, पण त्याने टिचकी मारली नाही.